गोठ्यामागचा वळसा

मानवतजवळच्या आपल्या गावातून काम करणाऱ्या राजेश्रीनं बनवलेल्या कंपायलरची, म्हणजे कोडच्या फाइलींपासून चालणारा प्रोग्राम बांधणाऱ्या सॉफ्टवेअरची, रीत सरळ होती. एखादी फाइल बदलली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या फाइली तेवढ्या पुन्हा बांधायच्या, बाकीच्यांना हात लावायचा नाही. आज मात्र तो विनाकारण ढीगभर फाइली बांधत बसला होता, आणि संध्याकाळपर्यंत काम द्यायचं होतं.

"कोण कोणावर अवलंबून आहे, ते माझ्या कंपायलरला पक्कं ठाऊक असतं, सर," ती पुण्याच्या साहेबांना फोनवर ठासून म्हणाली. "चूक दुसरीकडे असणार."

फोन ठेवून ती अंगणापलीकडच्या खोलीतून चहाला निघाली, नेहमीसारखी गोठ्यामागून वळसा घालून.

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आई हसायला लागली. "अगं, सरळ अंगणातून ये की! अंगणात बांधायचो तो मारका बैल इकून वरीस झालं. आता कोण मारायलंय तुला?"

राजेश्री थबकली, आणि एकदम ओरडली, "सापडलं, आई! फाइलींचा संबंध कधीच तुटलाय, पण माझ्या कंपायलरनं तो पुसलाच न्हाई!"

चहा तसाच टाकून ती लॅपटॉपकडे पळत सुटली, गोठ्यामागून.