राखणीची गाडी

"बाई, मला आता या कामातून मोकळं करा," राखणदार म्हणाला.

बाई चहाचा कप घेऊन गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी कप त्याच्या हातात दिला आणि गाडीकडे पाहिलं. साठ वर्षांपूर्वीची गाडी, सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची. चाकाला साखळी, स्टिअरिंगला आडवा लोखंडी दांडा. इंजिनातला रोटरसुद्धा मेकॅनिकने काढून बाईंच्या स्वाधीन केला होता. तो नसला की किल्ली कितीही फिरवा, गाडी हूं की चूं करत नाही.

"एवढा बंदोबस्त केल्यावर माझं इथं काय काम?" राखणदाराने विचारलं. "दिवसभर खुर्चीत बसून अंग आंबून गेलंय."

"कुणी काही बोललं का?"

"बोलायला कशाला हवं? किल्ली कुणी माझ्याकडे देत नाही. राखणदारावरच भरवसा नाही म्हटल्यावर झालंच की. आणि तो मेकॅनिक मला साहेब म्हणतो. टिंगल करतो, दुसरं काय!"

एरवी बाई हसल्या असत्या. हल्ली त्यांना हसण्याचाही कंटाळा यायचा. त्या हातातल्या फडक्याने उगाच बॉनेट पुसत राहिल्या.

"तिथं जोर देऊ नका, पत्रा पातळ झालाय," तो पटकन म्हणाला. गाडीवर त्याचा जीव होता, हे मात्र खरं. जायचं म्हणताना त्यालाही वाईट वाटत होतं.

"आणि जाणार कुठं?"

"घरी. बायको एकटीच आहे. काळजी करत बसली असेल."

बाईंना एकदम गळून गेल्यासारखं झालं. त्या गाडीच्या पायरीवरच टेकल्या. हा निघून गेला तर पुन्हा सगळी धावाधाव, पुन्हा तोच घोर. ते आता आपल्याच्याने निभणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आणखी थोडे दिवस थांबा," त्या म्हणाल्या. "मागे एकदा गाडी चोरीला गेली होती. भरदुपारी, मी घरात असताना. तेव्हापासून धसकाच घेतलाय मी."

राखणदार सावरून बसला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग मिळाली कशी?"

"तीन दिवसांनी, परगावी. पेट्रोल संपून रस्त्याच्या कडेला उभी होती."

"आणि चोर? पळाला असेल."

"नाही. गाडीतच बसले होते. उपाशी."

"पोलिसांत दिलंत ना?"

"घरी आणलं. अंघोळीला पाणी तापवलं, जेवायला वाढलं."

"कमाल आहे तुमची!" राखणदाराला खरोखरच राग आला. त्याने कप खाली ठेवला. "चोराला जेवायला वाढता, वर अहो-जाहो करता?"

"एक्केचाळीस वर्षांची सवय आहे," बाई म्हणाल्या. "आता कुठली सुटायला?"

ते त्याच्या नीट लक्षात आलं नाही. तो अजून चोरावरच चिडलेला होता.

"अशा माणसाला मोकळं सोडायचं नसतं, बाई. तो पुन्हा येणार."

"सोडलं नाहीच," बाई त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावत म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी इथं खुर्ची टाकली आणि त्यांनाच राखणीला बसवलं."