आधी पूर्ण नाव, मग अहो

भिवंडीतल्या कामतघरच्या मेघालीचा लेख विद्यापीठाच्या नियतकालिकानं दुसऱ्यांदा परत धाडला. शेरा तोच: संक्षेप पहिल्यांदा येतो तिथे पूर्ण नाव द्या. आणि लेख पाठवायचा आज शेवटचा दिवस!

"यं.का. म्हणजे यंत्रमाग कामगार, हे भिवंडीत शेंबड्या पोरालाही कळतं!" मेघाली करवादली.

"भिवंडीत गं बाय," आजी ठकुबाई लसूण सोलत म्हणाली. "आता माझंच बघ. लग्नात उखाण्यात मी तुझ्या आज्याचं नाव घेतलं, अनंता जोमा तरे, पार बापासकट. मग जन्मभर नुसतं अहो. पहिल्यालाच अहो म्हटलं असतं, तर मांडवातले पन्नास बाप्ये उठून आले असते. बँडवाला तर पिपाणी टाकून!"

मेघाली खदखदून हसली. संक्षेप पहिल्यांदा आला तिथे तिथे तिनं पूर्ण नाव लिहिलं आणि लेख पाठवूनही दिला.

तोवर ओट्यावरून आजोबा ओरडले, "थापाडी! मांडवात हिच्या तोंडातून शब्द फुटला न्हाय. पहिल्या दिवसापासून नुसतं अहो!"

"मग?" ठकुबाईनं लसणाची टरफलं फुंकली. "दुसरा कोनी आला का कदी धावत?"