लेस्याची जागा

"श्वास घेता येत नाहीये," डॅना म्हणाली.

"मग घेऊ नकोस. तीन मिनिटांचा तर प्रश्न आहे!" आयव्ही म्हणाली आणि पोरीच्या पाठीवरची शेवटची टाचणी काढून तिनं स्वतःच्या स्वेटरला खोचली. मग दोन पावलं मागं सरून बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "अगदी लेस्या गं, नोरीन! तिचा झगा दोन्ही बाजूंनी चार बोटं आत घेतला, पण रंग कसा खुललाय बघ." एवढं बोलून ती नाक पुसत आपल्या खुर्चीकडे गेली.

स्केटिंगच्या रिंकच्या फाटकाशी आता दोघीच राहिल्या, नोरीन आणि तिची नऊ वर्षांची धाकटी डॅना. आत बर्फावर चिमुरडी पोरं हातात हात घालून गोल फिरत होती. त्यातलं एक धपकन आपटलं, उठलं, तेव्हा सगळे हसले. जानेवारीत सास्काटून शहरातल्या स्पर्धेला निघालेली बस हिमवादळात उलटली आणि गावातल्या क्लबच्या सहा मुली गेल्या. त्यांच्या घरच्यांच्या मदतीसाठी आजचा हा कार्यक्रम होता. सहांतली एक लेस्या, नोरीनची थोरली, पंधरा वर्षांची.

पुढचा नाच लेस्याचाच होता. तिचं गाणं लागायचं, दिवे मालवायचे, आणि ती जिथून जिथून गेली असती तिथून नुसता प्रकाशाचा झोत फिरायचा. शेवटी झोत फाटकाशी येऊन थांबला की डॅनानं त्यात शिरायचं आणि बहिणीची शेवटची गिरकी पुरी करायची. कल्पना पॉलीनची. पॉलीन क्लबची कोच. त्या दिवशी ती स्वतःच्या गाडीनं मागून येत होती म्हणून वाचली, आणि पोरींना बर्फातून बाहेर काढणारं पहिलं माणूसही तीच. तिला नाही कोण म्हणणार?

दोन महिन्यांत नोरीनला कुणालाच 'नाही' म्हणता आलं नव्हतं. गावानं तिला रोज आयतं जेवण पोचवलं. अंगणातला बर्फ कोण उपसून जातं हेसुद्धा तिला कळू दिलं नाही. पहाटे साडेपाचला कुणी ना कुणी गाडी घेऊन दारात हजर. "तू पड गं, आम्ही नेतो डॅनाला सरावाला." डॅनाला जायचंय का, हे कुणी विचारलं नाही. नोरीननंही नाही. पोर मुकाट्यानं उठायची, मुकाट्यानं परत यायची आणि आंघोळ करताना नळ मोठा सोडून रडायची. माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. त्यांच्या तोंडावर दार तरी लावता आलं असतं.

चिमुरडी बाहेर आली. पॉलीन माइक घेऊन मधोमध उभी राहिली. तिचा आवाज कापत होता.

"लेस्याची जागा रिकामी राहणार नाही. पुढल्या हंगामापासून त्या जागी डॅना उतरेल. ती मोठी होईपर्यंत मी हा क्लब सोडणार नाही, हा माझा शब्द आहे."

टाळ्यांनी छप्पर दणाणलं. नोरीनला हे आत्ताच कळत होतं. हातातला डॅनाचा हात एकदम थंड पडला. दिवे गेले, गाणं सुरू झालं आणि पलीकडच्या टोकाला झोत हलला.

"ममा."

"हं."

"आज केलं की मग पुरे ना?"

बाराशे माणसं श्वास रोखून त्या उजेडाच्या ठिपक्याकडे बघत होती. नोरीनही तिकडेच बघत म्हणाली, "आज कर. मग बघू."

डॅनाही त्या ठिपक्याकडे बघू लागली.

"लेस्यालाही तू असंच म्हणालीस," ती हळूच म्हणाली. "बसमध्ये चढायच्या आधी. तिला नव्हतं जायचं. मी पायरीवर बसले होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं आईला नुसतं सांगितलं. ते वाक्य कुणी ऐकलं नाही असं समजून नोरीन दोन महिने जगत होती. लोक 'लेस्याचा बर्फावर जीव होता' म्हणायचे आणि ही मान हलवायची.

झोत वळणावर आला. तिथं लेस्या उडी घ्यायची. लोकांमधून हुंदके ऐकू आले. आता रिंक आडवं ओलांडलं की फाटक. डॅनानं ओठ मिटले, खांदे ताठ केले आणि आईच्या हातातून हात सोडवून घेतला.

नोरीन खाली बसली. तिनं हातमोजे काढून फेकले आणि डॅनाच्या बुटाच्या नाडीला नखं लावली. गाठ दुहेरी होती, ओली होऊन आवळलेली.

"ममा, काय करतेस? उजेड येतोय."

"येऊ दे. पाय पुढं कर."

गाणं संपत आलं. झोत फाटकाशी आला आणि दोघींवर थांबला. रबरी चटईवर गुडघे टेकून लेकीच्या बुटाशी वाकलेली आई सगळ्या गावाला दिसली. आधी एक जण उठला, मग ओळ, मग सगळं रिंक उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. पॉलीन तोंडावर हात धरून रडत होती.

"घट्ट बांध गं, नोरीन!" अंधारातून आयव्ही ओरडली.

गाठ सुटली. नोरीननं बूट ओढून काढला आणि दुसऱ्या पायाला हात घातला.