फक्त चांगलं बोला

साहेबांना रडगाणं खपत नसे. वाईट बातमी आणणाऱ्याला ते सगळ्यांदेखत 'पनवती' म्हणत आणि महिनाअखेरीस नारळ देत. त्यामुळे गाद्यांच्या त्या कारखान्यात मशीन बंद पडलं, की मॅनेजर हात चोळत सांगायचा, "साहेब, आज मशीनला जरा विश्रांती दिलीय." गिऱ्हाईक तुटलं, की "कामाचा ताण हलका झाला!" साहेब खूश, याची खुर्ची शाबूत.

आज दुपारी गोदामातल्या कापसानं पेट घेतला. कामगार जीव घेऊन बाहेर पळाले. मॅनेजर तेवढा केबिनमध्ये शिरला, कपाळावरचा घाम पुसला आणि तोंडभर हसून म्हणाला, "साहेब, बाहेर काय मस्त हवा सुटलीय! जरा येता का?"

"हवा राहू दे. आधी एसी वाढव, आज फारच उकडतंय."


मॅनेजरनं लगबगीनं एसी वाढवला.