पहिला चाकू
"मावशी, नाव न सांगता माझं पान वाचाल का?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी एनेइदामावशींना विचारलं. आईबाबा जिथे चिरूट वळतात, त्या आमच्या पिनार शहरातल्या कारखान्यात मावशी कामगारांना कादंबऱ्या वाचून दाखवतात. माझी कादंबरी मात्र वर्षभर पहिल्याच पानावर अडकली होती, लिहायचं, फाडायचं. वाचन आवडलं की मंडळी तंबाखू कापायचे चाकू फळीवर वाजवतात, नाही आवडलं की जमिनीवर टाकतात. मावशी वाचत होत्या, मी दाराआड. पहिला चाकू पडला तो आईचाच! "अगं बाई, सूर्य कधीचा उगवतोय! माणसं उठणार कधी?" ती ओरडली. सगळे हसले, बाबाही. माझे कान तापले, पण खरंच माझ्या पानात कुणी राहतच नव्हतं. सुट्टी होताच दोघांना फाटकात गाठलं. "ते पान माझं होतं." आईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "कादंबरी आज सुरू करतेय. पहिल्याच वाक्यात तू ओरडणार आहेस."