करकमल

वर्तमानपत्राच्या विद्यार्थी पुरवणीसाठी लेखक निवडणाऱ्या संपादिकाबाईंसमोर आम्ही बापलेक बसलो होतो. त्यांनी कन्येचा लेख वाचून दाखविला: “‘मातेचे करकमल फेनिल जलात निमग्न होते.’ अगं, दहावीतली मुलगी असं लिहिते होय? कुणाकडून लिहून घेतलंस?” कन्येने चमकून माझ्याकडे पाहिले. तिने एवढेच लिहिले होते, ‘धुणी धुऊन आईचे हात सोलवटतात’. माझ्या टंकलेखनाच्या दुकानात मीच त्यावर विद्वत्तेचा साज चढविला होता. “मीच लिहिलंय,” ती म्हणाली, “मला आवडतात असे शब्द.” पोरीने माझी लाज राखली, पण मला राहवले नाही. “बाईसाहेब, अपराध माझा,” मी उद्गारलो. “तिचं साधंच होतं हो. मी नको तो शहाणपणा केला!” बाईंनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. “मग इथंच लिही.” मी सवयीने वाचायला वाकलो, तिने डाव्या हाताने कागद झाकला.