टेपचं टोक

“मिस्त्री, पुंजाची जागा धरलीस की काय?” आतल्या बाकावरून गोटीरामने हाक दिली. बाकावरचे तिघेही हसले.

निसारने नुसता हात वर केला. व्हीलचेअर त्याने उद्यानाच्या फाटकाबाहेर, करंजाच्या सावलीत लावली होती. पूर्वी पुंजा इथेच आपली हाताने चालवायची तीनचाकी लावून भाजलेल्या शेंगा विकायचा. त्याचे पाय पोलिओने लहानपणीच गेले होते. काही वर्षं झाली, तो दिसत नव्हता. कोणी म्हणे, पेठकडे गावी गेला. कोणी म्हणे, त्र्यंबकेश्वरला बसतो. शोधायला कोणी गेलं नव्हतं.

मोठं फाटक कायम कुलपात असे. कचऱ्याच्या ट्रॅक्टरपुरतं ते उघडायचं, आणि किल्ली महापालिकेच्या ऑफिसात. लोकांसाठी शेजारी वाट होती. दोन लोखंडी खांब, आणि त्यांच्या बरोबर मधे तिसरा. माणूस अंग चोरून जाई. व्हीलचेअर जात नसे. आत मात्र पंधरवड्यापूर्वी नवा उतार बांधला होता, पिवळ्या कठड्याचा. बाहेरच्या भिंतीवर निळी पाटी लागली होती, ‘दिव्यांगस्नेही उद्यान’. उताराच्या ताज्या रंगावर अजून एकाही चाकाचा वण नव्हता.

साखरेने निसारचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तोवर रोज संध्याकाळी द्वारका चौकाजवळचं आपलं फॅब्रिकेशनचं दुकान बंद करून तो त्या बाकावर चौथा असायचा. आता दुकान मुलाकडे होतं. इमरान निफाडला द्राक्षबागांचे अँगल बसवायला सकाळीच निघून जाई. बायको हाजरा वारल्यापासून घरात दिवसा कुकरची शिटीसुद्धा वाजत नव्हती. बाकावरचे दोस्त पहिल्या आठवड्यात उठून फाटकाशी येत, तिघेही. मग एकेक जण येऊ लागला. आता हाक यायची, तीही आतूनच.

रखवालदार कोंडाजी एकदा म्हणाला होता, “भाई, उचलून नेऊ का आत?”

“मी काय सिमेंटची गोणी आहे?” निसारने विचारलं होतं. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

आज ऑफिसातून शुभांगी मॅडम पाहणीला आल्या होत्या. तरुण इंजिनिअर, हातात फाइल आणि टेप. निसारपाशी त्या थांबल्या.

“चाचा, तुम्ही आत नाही का जात?”

“जातील कसे, मॅडम?” कोंडाजीच बोलला. “मधे तो खुंटा आहे ना.”

मॅडमनी खांबाकडे पाहिलं, मग खुर्चीच्या चाकांकडे. टेप ओढून तिचं टोक त्यांनी निसारपुढे केलं. “हे धरा जरा, त्या कडेच्या खांबाला लावून.”

निसारने ते धरलं नाही. टेप सर्रकन आत गेली.

“चाचा?”

त्याने खुर्ची पुढे घेतली. टोक चिमटीत धरून खांबाला टेकवलं.

“सतरा इंच.”

“साडेसोळा,” निसार म्हणाला.

मॅडमनी वाकून पाहिलं. साडेसोळाच होते. “मधला काढला तर खुर्ची आरामात जाईल. उपटायला सांगते.”

“उपटू नका. आतून सिमेंट भरलंय, खाली दोन फूट गाडलाय. सगळी फरशी उखडेल. जमिनीलगत ग्राइंडर लावा. अर्ध्या तासाचं काम.”

“बघून कळतं तुम्हाला?”

“लोखंडातच आयुष्य गेलं, मॅडम.”

मॅडम हसल्या आणि त्यांनी फाइल उघडली. “पण मला अर्ज लागेल. अडचण होते त्या दिव्यांग व्यक्तीचा. नाहीतर हात लावता येत नाही. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून खांब बसवलाय, असं कागदावर आहे.”

“दुचाकी मागच्या पडक्या भिंतीतून येतात,” कोंडाजी म्हणाला. “पहिल्यापासून.”

मॅडम निसारकडे पाहत राहिल्या. टेपचं टोक अजून त्याच्याच हातात होतं. आत गोटीरामने कसलीशी गंमत सांगितली असावी. बाक पुन्हा हसला.

“लिहा,” निसार म्हणाला.

त्याने नाव सांगितलं. वय सांगितलं, एकसष्ट. पत्ता सांगितला. पाय कधी गेला, तेही सांगितलं. दीड वर्ष झालं. मॅडम भराभर रकाने भरत होत्या.

“शेवटचं. या खांबाची अडचण कधीपासून आहे?”

“नऊ वर्षं.”

पेन थांबलं. “चाचा, आत्ताच तर दीड वर्ष म्हणालात.”

“माझं दीड वर्ष. त्याआधीचं सगळं पुंजाचं. तो शेंगा घेऊन आत यायचा, बाकापर्यंत. टरफलं पडतात म्हणून कॉलनीवाल्यांनी तक्रार केली आणि हा खांब बसवायचं काम मला सांगितलं. तीनचाकी जाता कामा नये, म्हणाले. म्हणून मी आधी तीनचाकीचं माप घेतलं.” निसारने हातातल्या टोकाकडे पाहिलं. “पुंजाला वाटलं, त्याच्यासाठी वाट रुंद करतोय. हे टोक त्यानंच धरलं होतं.”